आईची आई, तिची आई : बाईच्या अंगाने वंशावळ कशी काढायची



गटाच्या बैठकीत बचत आणि कर्जाचे हप्ते जमा झाले की एक प्रश्न विचारून बघा. "तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांचं नाव काय?" चार-पाच जणी तरी पटकन सांगतील. मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ काढली होती, तेव्हा ते नाव कानावरून गेलेलं असतं. मग दुसरा प्रश्न विचारा. "तुमच्या आईच्या आईच्या आईचं नाव काय?" इथं बहुतेक जणी गप्प होतात. कुणी म्हणते, "तिला सगळे जिजी म्हणायचे, खरं नाव कुणाला ठाऊक?" कुणी म्हणते, "आजी लहान असतानाच ती गेली म्हणे."

खरं तर त्या पणजीपासून आपल्यापर्यंत फक्त तीन बाळंतपणं आहेत. तिने आजीला जन्म दिला, आजीने आईला, आईने आपल्याला. इतकी जवळची बाई, आणि तिचं नाव आपल्याला सांगता येत नाही.

याचं कारण आपल्या वंशावळीच्या रीतीत आहे. वर मूळपुरुष, त्याखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. लेक लग्न होऊन गेली की तिची रेघ तिथंच थांबते, पुष्कळदा ती रेघ ओढलेलीच नसते. सून येते ती कुणाची कोण, हे कागदावर कुठंच येत नाही. जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला वडिलांकडचंच नातं लागतं, म्हणून घराघरात तेवढंच जपून ठेवलं गेलं. तो कामाचा कागद आहे, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण तो घराचा अर्धाच हिशोब आहे. या पाठात उरलेला अर्धा कसा काढायचा ते बघू.

हे कशासाठी?

नुसत्या हौसेसाठी काढली तरी वावगं नाही. पण मुद्दा हौसेपुरता नाही.

समजा, एका बाईचं माहेरचं नाव गंगू. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवीन नाव लिहिलं, पार्वती. पुढचं सगळं आयुष्य ती पार्वती म्हणून जगली. रेशनकार्ड, मतदार यादी, आधार, शेवटी मृत्यूचा दाखला, सगळीकडे पार्वती आणि नवऱ्याचं आडनाव. शाळेत दोन वर्षं गेली होती, तिथं ती गंगू. बापाच्या जमिनीच्या फेरफारात तिचं नाव लागलंच असेल, तर तेही गंगू. आता पार्वतीबाई वारल्या. त्यांच्या लेकीला आजोळच्या जमिनीत आईचा वाटा मागायचा आहे. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) विचारणार, गंगू आणि पार्वती एकच कशावरून? लेकीकडे उत्तर नसतं. मामाने "ओळखत नाही" म्हणायचीही गरज पडत नाही. तो नुसता गप्प बसला तरी काम अडतं.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलीला मुलाएवढाच वाटा १९५६ पासूनच आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत आपल्या राज्याने १९९४ साली मुलींना हक्क दिला. पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या तेव्हा बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना, लग्न झालेलं असो की नसो, मुलासारखाच जन्मापासूनचा हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं, की २००५ साली बाप हयात होता की नव्हता यावर हा हक्क अवलंबून नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टातून वाटप झालेलं असेल, तर ते उकरून काढता येत नाही. मुलगी बापाच्या आधी वारली असेल, तर बापाच्या पश्चात तिचा वाटा तिच्या मुलांकडे येतो. म्हणूनच आईच्या अंगाची साखळी लागते. मुस्लिम भगिनींचे वाटणीचे नियम वेगळे आहेत. आदिवासी समाजांत रूढी बघावी लागते, तिथं हा कायदा सरसकट लागू नाही. वकिलाचा सल्ला लागला तर तालुका विधी सेवा समितीकडे बाईला तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

हक्क मागावा की भावासाठी सोडावा, हे या पाठात सांगणार नाही. ते ज्या त्या बाईने ठरवायचं. पण सोडायचा असला तरी आधी तो आपला होता हे कागदावर दिसलं पाहिजे.

दुसरं कारण दवाखान्याचं. डॉक्टर विचारतात, आईकडे कुणाला साखर होती का, स्तनाचा कर्करोग होता का? विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी होते. तो आजार आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच मुलाला होतो. आपण सासरच्या आजारांची यादी सांगू शकतो आणि आईकडचं विचारलं की अडतो.

वही घ्या आणि स्वतःपासून सुरू करा

शंभर पानी साधी वही पुरे. एका बाईला एक पान. पहिलं पान स्वतःचं. वर दोन्ही नावं लिहायची, माहेरचं संपूर्ण आणि सासरचं संपूर्ण. घरात हाक मारायचं नावही लिहायचं. मग जन्माचं गाव, बापाचं नाव, आईचं नाव, भावंडांची नावं वयाच्या क्रमाने, लग्न कोणत्या गावी आणि साधारण कधी झालं, मुलं किती, त्यातली जगली किती. मग पान उलटा आणि आईचं लिहा. मग आजीचं. असं एकेक पायरी वर चढत जायचं. मधली पायरी गाळून "आमचे मूळ लोक अमक्या राजाबरोबर आले" अशा गोष्टीकडे जाऊ नका. अशी गोष्ट बहुतेक प्रत्येक घरात असते, पण तिने कागद जोडला जात नाही.

आईकडची वही वर नेताना तिच्या वयाची बाई शोधा. ती आईच असेल असं नाही. मावशी, आजीची धाकटी बहीण, आत्या, आणि मामीला तर विसरूच नका. आजीची शेवटची वर्षं बहुतेक मामीने काढलेली असतात. रात्री पाय चेपताना आजी जे बोलली ते तिने ऐकलेलं असतं.

समोर वही-पेन घेऊन बसलात तर म्हातारी गप्प होते. शेंगा फोडताना, गोधडीला टाके घालताना विचारा. आणि "जन्म कधी झाला" असं विचारू नका, तारखेने कुणी जगलेलं नाही. घटनेने विचारा. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू कुठं होतीस?" तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. ती म्हणाली, "थोरली पोटात होती," तर थोरलीचा जन्म १९६७-६८. लग्नानंतर दोन वर्षांनी ती झाली असेल आणि लग्न सोळाव्या वर्षी झालं असेल, तर म्हातारीचा जन्म १९५० च्या आसपासचा. पुण्याकडे पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१. दुष्काळ १९७२ चा. तेव्हा सुकडी खाल्ली की नाही, खडी फोडायला गेली की नाही, कडेवर कोण होतं, हे बायकांना अजून पक्कं आठवतं. मराठवाड्यात रझाकारांच्या भीतीने गाव सोडलं ते १९४८ चं. त्याच्या मागे जायचं तर १९१८ ची साथ आहे, तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. "माझी आजी मानमोडीत गेली" हे वाक्य कुणी बोललं तर ते लगेच लिहून घ्या, ते मृत्यूच्या दाखल्याएवढं मोलाचं आहे. बालविवाहाचा शारदा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला. त्याच्या आधी घाईघाईने पुष्कळ लग्नं उरकली गेली. "कायद्याच्या भीतीने पाळण्यातच लग्न लावलं" असं एखाद्या घरी सांगतात ते याच काळाचं.

आणखी एक युक्ती. बाई सापडत नसेल तर तिचा भाऊ शोधा. जिजीचं खरं नाव कुणाला आठवत नाही, पण तिच्या भावांची नावं आणि गाव सहसा आठवतं, कारण भाऊबीजेला, दिवाळीला तो यायचा. भावाचं नाव, आडनाव आणि गाव मिळालं की त्या गावचा सातबारा उघडतो, आणि सातबारा उघडला की कुठं ना कुठं बहीण निघते. जुन्या जात्यावरच्या ओव्या आठवणारी म्हातारी असेल तर तिला म्हणायला लावा. बाई ओवीत स्वतःचं नाव घालत नाही, पण भावाचं घालते, माहेरच्या गावचं घालते, मामाचंही घालते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांच्यासोबत ओवी म्हणणारीचं नाव आणि गावही नोंदवलेलं आहे. आपल्या गावची बाई त्यात असूही शकते.

माळ्यावरची भांडी

कागदाच्या आधी माळा बघा. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. पितळेची घागर, तांब्या, परात, डबा, पुढे स्टीलची ताटं. त्यावर ठोकून लिहिलेलं असतं, कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं आणि पुष्कळदा तारीखही. बाईचं नाव इतक्या वेळा आणि इतकं टिकाऊ दुसरं कुठंच लिहिलं गेलं नसेल. कागद वाळवी खाते, घागर राहते. लग्नाच्या भांड्यावर बहुतेक माहेरचं नाव असतं. डोहाळजेवणाच्या किंवा बारशाच्या भांड्यावर सासरचं असतं. एकाच घरातल्या दोन भांड्यांवर दोन नावं दिसली आणि देणारा मामा एकच असला, तर गंगू आणि पार्वती कशी एक, ते तिथंच कळतं. कोर्टात हा एकटा पुरावा पुरेल असं समजू नका. पण कोणत्या गावात आणि कोणत्या नावाने शोधायचं, हे भांडं सांगतं.

म्हणून मोडीत देण्याआधी प्रत्येक भांडं उलटंपालटं करून बघा. चिंच लावून घासा, अक्षर उठून दिसतं. तिरप्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा आणि वहीत लिहून ठेवा. मोडीवाला किलोने घेतो, त्याला नावाशी काही देणंघेणं नाही.

ट्रंकेच्या तळाला जुन्या लग्नपत्रिका असतात. त्यातही मामाचं नाव आणि गाव बघा. मामा म्हणजे नवरीच्या आईचं माहेर. एका पत्रिकेत दोन पिढ्यांची माहेरं मिळतात. हातावरचं गोंदणही बघून घ्या. काही जुन्या बायकांच्या हातावर भावाचं किंवा स्वतःचं नाव असतं.

विचारताना सांभाळून

वर चढत जाताना काही पानं दुखरी निघतात. आजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली, आणि दुसरी तिचीच बहीण आली. एखादी नांदायला गेलीच नाही. एखादीला सोडून दिलं. एखाद्या विधवेने पाट लावला आणि पहिल्या घरची मुलं तिथंच ठेवून ती दुसऱ्या घरी गेली. अशा बाईची दोन सासरं असतात आणि दोन आडनावं. घरचे म्हणतात, "ते लिहू नको." मला वाटतं लिहावं, पण सगळ्यांना वाचून दाखवू नये. त्या बाईचं नाव गाळलं तर तिच्या पोटच्या मुलांची पुढची साखळी तुटते. उगाच तपशील मात्र लिहू नका. "पहिलं घर अमुक गाव, पाट अमुक गाव" एवढं पुरे. आणि म्हातारी रडायला लागली तर वही मिटा. पुन्हा कधीतरी ती आपणहून सांगते.

लहानपणी गेलेल्या मुलींनाही ओळ द्या. पाच झाल्या, दोन राहिल्या, असं आजी सांगते, तेव्हा त्या तिघींची नावंही विचारा. बहुधा तिला ती आठवत असतात. फक्त आजवर कुणी विचारलेलं नसतं.

कागद कुठं मिळतात

पहिला कागद शाळेचा. बाई एक दिवस जरी शाळेत गेली असेल तरी तिचं नाव शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत असतं, तेही माहेरचं, बापाच्या नावासकट, जन्मतारखेसकट. तारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असते, पण नाव खरं असतं. मुख्याध्यापकांकडे अर्ज करून त्याचा उतारा मिळतो.

दुसरा जन्म-मृत्यूच्या नोंदीचा. हल्ली तो ग्रामपंचायतीत असतो. जुनी गावची नोंद म्हणजे गाव नमुना १४, त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. ती बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. तिथं बाळाचं नाव शोधू नका, कारण नोंद व्हायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं. बापाचं नाव आणि पुढे "मुलगी" एवढंच असतं. त्यामुळे आधी घरातून भावंडांचा क्रम काढलेला असला तरच ती "मुलगी" कुठली ते ओळखता येतं.

तिसरा आणि सगळ्यात जास्त बोलणारा कागद जमिनीचा. नुसता आजचा सातबारा बघून निराश होऊ नका. त्यावर गोलात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. प्रत्येक क्रमांकामागे गाव नमुना ६ मधली एक नोंद असते, आणि आपल्याला वाचायची आहे ती वारसाची नोंद. "अमुक मयत, वारस मुलगा अमुक, मुलगी अमुक, पत्नी अमुक" असं तिथं लिहिलेलं असतं. पुष्कळ जुन्या फेरफारांत मुली नसतातच. असल्या तर भाऊ कब्जेदार सदरी आणि बहिणी "इतर हक्क" या रकान्यात असं वाटून टाकलेलं दिसतं. म्हणून उजव्या बाजूचा तो रकाना नेहमी वाचा. विधवेचा पोटगीचा हक्कही तिथंच लिहिलेला असतो. मुलं लहान असताना बाप वारला, तर मुलांच्या नावापुढे "अ.पा.क." लिहून आईचं नाव असतं. अज्ञान पालन कर्ता असा त्याचा अर्थ. आपल्या पणजीचं नाव सातबारावर सापडलं तर बहुधा असंच सापडेल.

या कागदांतले काही शब्द माहीत हवेत, नाहीतर बाई समोर असून दिसत नाही. "लक्ष्मी कोम तुकाराम" म्हणजे तुकारामाची बायको लक्ष्मी. "मर्द" आणि "भ्र." म्हणजे भ्रतार, नवरा. "पार्वती मर्द गणपत" म्हणजे गणपत हा पार्वतीचा नवरा. विदर्भ-मराठवाड्याच्या कागदांत "जौजे" असतं, त्याचाही अर्थ बायको. "बेवा" म्हणजे विधवा. "बिन" आणि "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा. बापाच्या फेरफारात मुलीच्या नावापुढे "भ्र." लिहून जावयाचं नाव दिलेलं असेल, तर तो कागद सोन्यासारखा जपा. माहेर आणि सासर एका ओळीत जोडणारा असा दुसरा कागद क्वचितच मिळतो.

हक्कसोडपत्रही बघा. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असतं आणि त्यात बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, वय सगळं असतं. किती बायकांचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा आलं ते हक्क सोडण्यासाठी, हे वाचताना लक्षात येतंच. पण वंशावळीला तो कागद उपयोगी आहे.

जुने फेरफार बऱ्याच जिल्ह्यांत स्कॅन झालेत आणि महाभूमीच्या संकेतस्थळावर "आपले अभिलेख" इथं मिळतात. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात अनेक जिल्ह्यांनी जुनी कागदपत्रं जिल्ह्याच्या संकेतस्थळावरही ठेवली आहेत. ऑनलाईन नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. फार जुने कागद मोडीत असतात. ते वाचणारी माणसं तालुक्याच्या गावी मिळतात. दर आधी ठरवा, आणि बाईचं नाव "कोम"सकट जसंच्या तसं उतरवून द्यायला सांगा. नाहीतर मोडीवाले फक्त पुरुषांची ओळ काढून देतात.

मतदार यादीतही शोधता येतं, पण तिचा एक जुना किस्सा माहीत असू द्या. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधी देशात जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी नाव सांगितलंच नव्हतं. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढंच लिहून घेतलेलं होतं. यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य भारताकडच्या होत्या. आपल्याकडेही परक्यासमोर नाव न सांगण्याची रीत काही वेगळी नव्हती.

सरकारच्या बाहेरही वह्या आहेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागात हेळवी बैलगाडीतून येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. त्यांच्या वहीत मुख्यतः पुरुषांची साखळी असते. ते दारी आले की धान्य घालून नुसतं ऐकू नका. सुनांची माहेरं लिहिलीत का विचारा, नसतील तर या खेपेला लिहायला लावा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गावनिहाय आणि आडनावनिहाय वह्या आहेत. आजोळची माणसं तिथं कधी गेली असतील, तर कोण आलं होतं, सोबत आई होती की बायको, हे त्यांच्या हस्ताक्षरात सापडू शकतं. तिथं आपलं नाही, आईच्या बापाचं गाव आणि आडनाव सांगायचं.

आईचं नाव लावणं नवीन नाही

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचा निर्णय आपल्या राज्याने घेतला. तेव्हा गावात थोडी थट्टा झाली, "आता आईचं नाव लावायचं का!" पण सुमारे १९०० वर्षांपूर्वी इथं राज्य करणारे सातवाहन राजे आईच्या नावाने ओळखले जात. गौतमीपुत्र सातकर्णी म्हणजे गौतमीचा मुलगा. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. नाशिकच्या पांडवलेण्यात त्या गौतमी बलश्रीचा स्वतःचा शिलालेख आहे. तिथं गेलात तर तीन नंबरच्या लेण्यात बघा.

अर्थात हा निर्णय नव्या बाळांसाठी आहे. लग्न झालेल्या बाईच्या नावाची पद्धत तीच राहिली, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. म्हणजे गंगू आणि पार्वतीची गाठ आजही आपल्यालाच बांधून ठेवायची आहे.

दोन नावांची गाठ

ज्यांची आई हयात आहे त्यांनी हे काम आधी उरकावं, कारण आई स्वतः सही किंवा अंगठा देऊ शकते. शाळेचा उतारा काढा. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी झाली नसेल तर करून घ्या. त्या दाखल्यावर लग्नाआधीचं नाव येतं ना, हे अर्ज भरतानाच बघा. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. त्याला माहेरच्या दोन माणसांची, शक्यतो भावाची, सही असेल तर उत्तम. भाऊ आज गोडीत आहे तोवर ही सही सहज मिळते. नावाचा मोठा फरक असेल तर राजपत्रात नाव बदलाची जाहिरातही देता येते. बापाच्या वारसनोंदीचा अर्ज होईल तेव्हा त्यातली वंशावळ सहीआधी स्वतः वाचा. सगळ्या बहिणी आहेत का, वारलेल्या बहिणीची मुलं आहेत का, तेही बघा.

आपल्या गटाचं दप्तरही पुढे कुणाला तरी असाच पुरावा ठरणार आहे. महिन्याला बाईचं नाव आणि सही घेणारी अशी वही गावात आधी नव्हती. पण सभासद नोंदवहीत आपण बाईचं सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, आधार आणि बँक खातं लिहितो. माहेरचं नाव, जन्मगाव आणि आईचं नाव लिहीत नाही. शेवटच्या रकान्याच्या पुढे जागा आहे. पुढच्या बैठकीत सचिवताईंनी पट्टी घेऊन तिथं तीन रकाने आखावेत. प्रत्येकीने आपल्या हाताने, पेनाने ते भरावेत, आणि जिला लिहिता येत नाही तिने सांगावं व शेजारणीने लिहावं.